दुसरा अर्थ

"मॅडम, इथं मोबाईलवर तर तीन अर्थ दाखवतंय," संध्या म्हणाली.

विशाखा नरवडे फळ्याकडे तोंड करून उभी होती. बजाजनगरच्या विहाराच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी ती इंग्रजी शिकवायची. चौदा-पंधरा बायका सतरंजीवर वह्या मांडीवर घेऊन बसलेल्या. कुणी कंपनीत पॅकिंगला, कुणी ब्युटी पार्लरमध्ये. संध्या एका मॉलच्या गेटवर बायकांची तपासणी करायची. आज रोजच्या बोलण्यातली दोन शब्दांची क्रियापदं चालली होती. गिव्ह अप, पुट ऑफ, कॅरी ऑन. विशाखाने पुढे 'ले ऑफ' लिहिलं होतं आणि शेजारी अर्थ दिला होता, कामगारांना कामावरून कमी करणे. हा अर्थ कारखान्यांच्या वाळूजमध्ये कुणाला समजावून सांगावा लागत नव्हता. दोन बायका मान हलवून हसल्यासुद्धा.

"तीन कुठले?" तिने विचारलं.

"एक तुम्ही सांगितला तो. दुसरा, सिगरेट, दारू असलं काही सोडणं. आन् तिसरा..." संध्याने मोबाईल डोळ्यांजवळ नेला. "एखाद्याच्या मागं लागणं थांबवणं. त्याला त्रास न देणं. वाक्य दिलंय, ले ऑफ हिम, ही इज टायर्ड. म्हंजी, त्याच्या मागं लागू नका, तो दमलाय. असंच ना मॅडम?"

विशाखाने हात पुढे केला. संध्याने मोबाईल दिला. विशाखाने ते वाक्य वाचलं. पुन्हा वाचलं.

"असंच," ती म्हणाली. "लिहून घ्या."

तिने मोबाईल परत दिला. फळ्यावर तिसरा अर्थ लिहिताना तिचं अक्षर बिघडलं. ते पुसून पुन्हा लिहावं म्हणून तिने डस्टर उचललं आणि सगळंच पुसून टाकलं. त्या दिवशी वर्ग अर्धा तास आधी सुटला. डोकं दुखतंय, असं तिने सांगितलं. बायकांनी चपला घालता घालता तिला पाणी आणून दिलं. सगळ्या गेल्यावर ती रिकाम्या सतरंजीवरच बसली.

तिच्या कंपनीतला सांडू गायके तेव्हा दमलेला नव्हता. त्याचा हात दुखावलेला होता.

विशाखा वाळूजमधल्या एका कंपनीच्या टाइम ऑफिसात एकवीस वर्षं क्लार्क होती. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी. हजेरी, गेटपास, रजेचे अर्ज हे तिचं काम. पण कंपनीत तिची ओळख होती ती इंग्रजीमुळे. कुणाला बँकेची नोटीस आली, कुणाच्या पोराचा कॉलेजचा फॉर्म आला की टाइम ऑफिसच्या खिडकीशी यायचे. "नरवडे मॅडमला दाखव," हा तिथला ठरलेला सल्ला होता.

हे तिच्याकडे वडिलांकडून आलं होतं. वडील छावणीत एका बंगल्यावर माळी होते. स्वतः चौथी शिकलेले, पण वस्तीत कुणाचंही पत्र आलं की ते पोरीला हाक मारायचे आणि चार माणसांसमोर ते वाचायला लावायचे. "इंग्रजी आपल्याला कुणी दिली नाही, आपण घेतली," असं म्हणायचे. आठवी-नववीतल्या विशाखाला कधी एखादा शब्द अडायचा. मग ती मागच्यापुढच्यावरून अंदाज बांधून ठोकून द्यायची. वडिलांचा त्या वेळचा चेहरा बघून 'माहीत नाही' असं म्हणणं तिला कधी जमलं नाही. पुढे बी.ए. झाली, नोकरी लागली, तेव्हा अडणं कमी झालं. सवय मात्र तशीच राहिली.

दोन हजार एकोणीसच्या जुलैत कंपनीत नवं प्रेस मशीन आलं. ते बसवून द्यायला इंग्लंडहून बॅरट नावाचा इंजिनियर तीन महिने आला. उंच, पिकल्या केसांचा, कमी बोलणारा. प्रेस शॉपचा सुपरवायझर शिवराज. त्याला इंग्रजी येत नव्हतं आणि बॅरटला मराठी. त्यामुळे साहेबाचे सगळे निरोप विशाखाच्या कम्प्युटरवर यायचे आणि ती ते मराठीत शिवराजला सांगायची.

सांडू त्या प्रेसवर हेल्पर होता, ठेकेदाराचा माणूस. मूळचा कन्नड तालुक्यातला, बायको आणि मुलीसह बजाजनगरात खोली घेऊन राहायचा. ऑगस्टमध्ये त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं पत्र्याखाली सापडली. बोटं वाचली, पण वळेनात. शिवराज त्याच्या मागेच लागलेला असायचा. "हात चालव सांडू. इथं काय आराम करायला आला का?" दिवसातून दहा वेळा. सांडू उलटून बोलत नसे. डाव्या हाताने ओढून काम पुरं करायचा.

बॅरटसाहेबाचं आणि सांडूचं मात्र जमलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी मशीनपाशी दोघं खुणांनी बोलत उभे असायचे. साहेबाने त्याला माप कसं लावायचं ते शिकवलं. सांडूने एकदा गावाकडून पिशवीभर सीताफळं आणली. साहेबाने एक फळ तिथेच उभ्याने खाल्लं आणि बिया तळहातावर गोळा करून आता यांचं काय करू असं नजरेने विचारलं. सांडूने स्वतःचा हात पुढे केला. हे सगळं विशाखाने आपल्या खिडकीतून पाहिलं होतं.

म्हणूनच तो मेल आला तेव्हा ती चमकली होती.

साहेब आदल्या दिवशी परत गेला होता. मेल त्याने विमानतळावरून पाठवला होता. दोनच ओळी. प्लीज आस्क शिवराज टु ले ऑफ सांडू. द मॅन्स हँड इझन्ट राइट यट. शिवराजला सांगा, सांडूला ले ऑफ कर. त्याचा हात अजून बरा नाही.

ते दिवस मंदीचे होते. आठवड्याला पाच-दहा ठेकेदारी कामगार कमी होत होते आणि ले ऑफ हा एकच शब्द सगळ्यांच्या तोंडात होता. हात बरा नाही, म्हणून कामावरून काढा. अर्थ सरळ लागत होता. तरी विशाखाला खटकलं. सीताफळ खाणारा माणूस असं लिहील का? तिने उत्तर लिहायला घेतलं. 'सर, डू यू मीन' इतकं टाइप केलं आणि थांबली. म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय का, हे विचारायचं होतं. पण काय म्हणेल साहेब? तीन महिने हिच्याकडून निरोप दिले आणि हिला साधं वाक्य कळत नाही? तिने तो मेल न पाठवताच बंद केला आणि शिवराजला बोलावून सांगितलं, "साहेबांनी लिहिलंय, सांडूला कामावरून कमी करा."

शिवराजने तिथूनच ठेकेदाराला फोन लावला. दुपारी सांडूचा गेटपास बंद झाला.

जायच्या आधी सांडू खिडकीशी आला होता. कपडे बदललेले, हातात डब्याची पिशवी.

"मॅडम, साहेबानं खरंच असं लिव्हलंय का?"

"हो."

"त्यायनीच?"

"मी स्वतः वाचलंय, सांडूभाऊ."

"मग ऱ्हाऊ द्या," सांडू म्हणाला. "मला वाटलं, शिवराजनंच काड्या केल्या." मग गेला.

दोन महिन्यांनी साहेबाचा दुसऱ्याच कामाचा मेल आला. शेवटी त्याने विचारलं होतं, सांडू कसा आहे? विशाखाने लिहिलं, ही हॅज लेफ्ट द कंपनी. त्याने कंपनी सोडली. साहेबाने उत्तर पाठवलं, वाईट वाटलं, चांगला माणूस होता. ज्याने काढायला सांगितलं त्यालाच वाईट कसं वाटलं, हा प्रश्न तिला त्या दिवशी पडला होता. तिने तो पडू दिला आणि पुढच्या कामाला लागली.

सोमवारी सकाळी ऑफिसात कुणी यायच्या आत विशाखाने जुने मेल उघडले. बॅरटचा मेल होता तसा होता. ती वाक्यं आता इतकी स्वच्छ वाचता येत होती की आपण तेव्हा काय वाचलं तेच तिला कळेना. शिवराजला सांगा, सांडूच्या मागे लागू नको. त्याचा हात अजून बरा नाही.

मग तिने न पाठवलेल्या मेलची यादी उघडली. सर, डू यू मीन. खाली तारीख, वेळ अकरा वाजून चाळीस मिनिटं. कम्प्युटरने ते चार शब्द पाच वर्षं जपून ठेवले होते. न कळणं ही चूक असते, कुणाचीही होते. पण आपल्याला कळलं नव्हतं हे आपल्याला कळलं होतं. त्याचा हा पुरावा समोर होता.

तिने सांडूचा फॉर्म शोधला. त्यावरचा नंबर बंद होता. गावाचा पत्ता होता. तो कागद तिने पर्समध्ये ठेवला आणि तीन आठवडे तसाच फिरवला. या रविवारी वर्ग आहे, त्या रविवारी लग्न आहे. मनात ती स्वतःशी भांडायची. पाच वर्षं झाली. मंदीच होती, आज ना उद्या त्याला काढलंच असतं. शिवराज तर पुण्याला निघूनही गेला. आता सांगून त्याचा हात सरळ होणार आहे का? उत्तरं सगळी बरोबर वाटायची आणि रात्रीचं जेवण मात्र जायचं नाही. चौथ्या रविवारी तिने संध्याला फोन करून वर्ग घ्यायला सांगितलं आणि नगर नाक्यावरून कन्नडची एसटी पकडली.

वेरूळपर्यंत तिला उभं राहावं लागलं. कन्नडला उतरून जीपने फाट्यापर्यंत आणि फाट्यावरून दहा मिनिटं पायी. सांडूचं घर विचारत विचारत सापडलं. दोन खोल्या, पुढे पत्र्याचं छप्पर. छपराखाली सांडू फवारणीचा पंप खोलून बसला होता. गावात तो आता पंप दुरुस्त करायचा आणि हंगामात साखर कारखान्याच्या गेटवर ड्यूटी करायचा. त्याने मान वर केली.

"नरवडे मॅडम?" तो उठला. वळत नसलेली दोन बोटं सोडून बाकीच्या बोटांनी त्याने पंच्याला हात पुसले. "या, या. कशा काय इकडं? मनकर्णा, कंपनीतल्या मॅडम आल्या. पाणी आन."

मनकर्णाबाई तांब्या घेऊन आली. सांडूने खाट झटकली. घरचं, पिकापाण्याचं विचारणं झालं. विशाखा पाणी प्यायली आणि चहा ठेवायच्या आधीच सांगून टाकावं म्हणून बोलायला लागली. एसटीत तिने वाक्यं जुळवली होती. ती एकही आली नाही.

"सांडूभाऊ, साहेबांनी तसं लिहिलंच नव्हतं."

"कोण साहेब?"

"बॅरटसाहेब. तुम्हाला काढा असं त्यांनी लिहिलं नव्हतं. मी चुकीचं वाचलं."

विशाखाने मोबाईलमध्ये मेलचा फोटो काढून आणला होता. तो तिने त्याच्यापुढे धरला, एकेका शब्दावर बोट ठेवून वाचलं, त्या शब्दाचे अर्थ सांगितले. शाळेत सांगतात तसे. दुसरं कसं सांगायचं ते तिला येत नव्हतं.

"म्हंजी," सांडू सावकाश म्हणाला, "साहेब म्हणत व्हते, शिवराजला सांगा, सांडूच्या मागं लागू नको."

"हो."

"आन् तुम्ही वाचलं, सांडूला काढा."

"हो."

"येकाच शब्दात दोन्ही?"

"हो."

सांडूने पंपाची नळी झटकून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "आपल्यातबी असतंय की. सांडूला सोडा म्हणलं तर काय समजायचं? कामावरनं सोडा, न्हाय तर त्याचा नाद सोडा. व्हतं असं."

त्याने तिच्यासाठी सुटायची वाट काढून दिली होती. विशाखाला ती घेता येईना.

"तुम्ही मला विचारलं होतं, खरंच लिहिलंय का. मला तेव्हाच शंका आली होती. साहेबांना विचारणार होते. लिहायला घेतलं आणि पाठवलं नाही."

"का?"

"लाज वाटली. सगळे म्हणायचे, नरवडे मॅडमला सगळं येतं."

सांडूने मान हलवली. त्याला राग आला आहे की काय ते तिला कळेना. तो एकदम घरात बघून म्हणाला, "मनकर्णा, ऐकलं का? साहेब तसा नव्हता." पुन्हा विशाखाकडे वळून म्हणाला, "पाच वर्सं मी त्या माणसाला शिव्या घातल्या, मॅडम. गावात ज्यानं त्यानं विचारलं त्याला सांगितलं, गोऱ्यानं गोड बोलून गळा कापला. काम काय, ते जाणारच व्हतं. पण त्या माणसाचं लई लागलं व्हतं मला. म्हणलं, आपल्याला माणूसच वळखता येत न्हाय." त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच आनंद होता. "आता हाय का तो? जित्ता हाय ना?"

"रिटायर झाले. पत्ता मिळेल."

"मग लिव्हा त्याला. सांडूनं सलाम सांगितलाय म्हणून."

"लिहिते. काय झालं तेही लिहिते."

"ते कशाला? त्याला उगं वाईट वाटंल."

मनकर्णाबाई इतका वेळ दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. चहा तिने ठेवलाच नव्हता.

"साहेब चांगला व्हता, ते बरं झालं," ती म्हणाली. "आन् पोरीचं काय?"

"आता ते कशाला काढती?" सांडू म्हणाला.

"का काढू नको? रूपा बारावीला व्हती, मॅडम. सायन्सला. नर्सिंगला जायचं म्हणायची. नोव्हेंबरात खोली सोडली आमी. इथून कालेजला कसं जाईल? म्हणली, आई, चार महिन्यांचाच प्रश्न हाय, मला मैत्रिणीकडं ठेव. परक्याच्या घरी तरणी पोर कशी ठेवायची? न्हाय ठेवली. उन्हाळ्यात लगीन लावून दिलं." ती हे सगळं एकाच आवाजात बोलत होती. "जावई चांगला हाय. फर्दापूरला खानावळ हाय त्यांची. तक्रार न्हाय. पण तुम्ही इचारलं असतं त्या साहेबाला, तर?"

विशाखा उठून उभी राहिली आणि हात जोडले. "चुकलं माझं, वहिनी."

"मला कशाला हात जोडता?" मनकर्णाबाई म्हणाली. "माझं काय गेलं? जिचं गेलं तिला सांगा." ती आत गेली. वहीचा फाटका कागद घेऊन आली. त्यावर नंबर होता. "हा तिचा. आमच्याच्यानं तिला हे सांगणं व्हायचं न्हाय."

सांडू फाट्यापर्यंत सोडायला निघाला होता, विशाखाने नको म्हटलं. तो अंगणाच्या कडेला उभा राहून म्हणाला, "तिचं मनावर घेऊ नका, मॅडम." विशाखाने मान हलवली. ती मनावरच घ्यायची गोष्ट होती.

फाट्यावर एक बंद टपरी आणि कडुलिंबाचं झाड. जीपला वेळ होता. विशाखाने झाडाच्या पारावर बसून नंबर लावला. संध्याकाळी घरी गेल्यावर लावू, असं एकदा मनात आलं. घरी गेल्यावर आपण लावणार नाही, हेही तिला माहीत होतं.

"हॅलो, कोण?" पलीकडे भांड्यांचा आवाज होता.

"रूपा का? मी नरवडे मॅडम. तुझे वडील कंपनीत होते, तिथली."

"हां, बोला मॅडम." आवाज सावध झाला. "बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. त्यांनाच भेटून आले." आणि विशाखाने सांगितलं. या वेळी सुरुवातीपासून. मेल, शंका, अर्धं लिहिलेलं उत्तर, सांडूने खिडकीशी येऊन विचारलेलं. साहेबाने नंतर चौकशी केली होती आणि आपण त्याला काय कळवलं, हेही सांगितलं. ते तिने सांडूला सांगितलं नव्हतं. पलीकडून मध्येच कुणीतरी पुरुष ओरडला, "सहा भाकरी, लवकर." रूपा म्हणाली, "आले," आणि फोन तसाच धरून राहिली.

विशाखाचं बोलणं संपलं.

"नेमकं वाक्य काय होतं?" रूपाने विचारलं. "इंग्रजीत सांगा."

विशाखाने दोन्ही वाक्यं सांगितली.

रूपाने ती हळूहळू म्हटली. उच्चार चांगले होते. "इथं फॉरेनर येतात अजिंठ्याची लेणी बघायला," ती म्हणाली. "त्यांच्याशी मलाच बोलावं लागतं. यांना कुणाला येत नाही." मग म्हणाली, "बाबांनी तेव्हा मला दाखवलं असतं तरी मला आलं नसतं. बारावीच्या पुस्तकात नव्हतं हे."

"तुला दाखवायचा प्रश्नच नव्हता, रूपा. ते माझं काम होतं."

"हां."

"मला माफ कर असं म्हणायलासुद्धा..."

"मॅडम, गिऱ्हाईक बसलंय," रूपा म्हणाली. "मला भाकरी टाकायच्यात."

"बरं. ठेवते मी."

पण रूपाने फोन बंद केला नाही. तो तिने बाजूला कुठेतरी ठेवला असावा. विशाखानेही बंद केला नाही. ती फोन कानाला लावून बसून राहिली. जीप आली, ड्रायव्हरने कन्नड, कन्नड म्हणून दोनदा हाक दिली, आणि ती उठत नाही असं बघून गाडी निघून गेली. पलीकडे परातीत पीठ मळलं जात होतं. मग थापण्याचा आवाज सुरू झाला, एकसारखा, न थांबता. एक भाकरी तव्यावर पडली. मग दुसरी.